बसून किती, उभे किती?

देवपुजारी काका पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, इथल्या दारूगोळ्याच्या कुठल्या फॅक्टरीत आहात हेही विचारलं नाही. जबलपूरच्या मराठी माणसाला नवा शेजारी भेटला की तो आधी फॅक्टरी विचारतो, मग मूळ गाव, आणि मग त्याची एक लांबची मावशी नेमकी त्याच गावची निघते. काकांनी यातलं काही केलं नाही. दारात चपला काढल्या, हॉलच्या मधोमध येऊन उभे राहिले, फरशीकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाले,

"बसून किती, उभे किती?"

"म्हणजे?"

"म्हणजे पाहुणे हो! वास्तुशांत करून राहिले ना तुम्ही? तर बसून किती, उभे किती, दाबून किती?"

मी उत्तर द्यायच्या आत त्यांच्या खिशातून मोजायची टेप बाहेर आली होती. एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं आणि मला भिंतीला लावून उभं केलं. माझी बायको अर्चना चहा घेऊन बाहेर आली, ती टेपेत पाय अडकून पडता पडता वाचली. दोन मिनिटांत निकाल लागला. "बसून चौदा, उभे बावीस. सोफा काढला तर दाबून साठ. सोफा काढा जी. सोफा म्हणजे जागेचा शत्रू." एवढं बोलून ते त्याच शत्रूच्या मांडीवर बसले आणि चहाचे दोन कप प्यायले.

जाताना दारात थबकले, मला वरपासून खालपर्यंत, पण विशेषतः मध्यावर न्याहाळलं. "विलासभाऊ, उद्या सकाळी या घरी. तुमची रुंदी घ्यायची आहे."

त्यांच्या व्हरांड्यात एक लाकडी बाक होतं आणि बाकावर दोन विटा. माणसानं मधे बसायचं, काका दोन्हीकडून विटा सरकवत आणत, विटा टेकल्या की माणसानं उठायचं आणि काका मधलं अंतर मोजायचे. हे अंतर म्हणजे त्या माणसाची 'बसती रुंदी'. आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाची बसती रुंदी काकांच्या वहीत होती. माझ्या वेळी विटा सरकल्या आणि लवकरच थांबल्या. काकांनी टेप लावली, पुन्हा लावली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा लावली.

"साडेचारशे मिलिमीटर म्हणजे एक माणूस. तुम्ही सव्वा आहात."

त्या दिवसापासून मी गल्लीत 'सव्वा साहेब' झालो. ऑफिसात मला सगळे वचकून असतात. पण आमचा भाजीवाला मला "सव्वा भैया, लौकी ले लो" म्हणतो, आणि याला जबाबदार एकटे देवपुजारी काका आहेत.

काकांची नोकरी रेल्वेत गेली, डब्यांचे नकाशे काढण्यात. लोक रेल्वेत चाळीस वर्षं काढतात आणि निवृत्तीनंतर फुकटच्या पासाबद्दल बोलतात. काका फक्त आसनांबद्दल बोलायचे. खिडकीपासून आसन किती, आसनापासून गुडघा किती, गुडघ्यापासून पुढच्याची पाठ किती. आणि मग निवृत्तीनंतर कधीतरी गावात बातमी उठली की जबलपुरात लाइट मेट्रो येणार. बातमी उठायची आणि बसायची. पुढच्या वर्षी पुन्हा उठायची. गावाने ती केव्हाच सोडून दिली, काकांनी धरून ठेवली.

"लाइट मेट्रो म्हणजे काय हो काका?" असं मी एकदा विचारून बसलो.

"ट्रामची थोरली बहीण आणि मेट्रोची धाकटी जाऊ," काका म्हणाले. "धाकट्या जावेला काय मिळते? घर छोटं आणि माणसं तेवढीच. म्हणून तिथं डोकं लागते. मोठ्या मेट्रोत कोणीही माणसं भरेल, अकलेचं काय काम? छोट्या डब्यात गावाच्या या टोकाची, रांझीची माणसं त्या टोकाला तिलवाऱ्यापर्यंत न भांडता नेऊन दाखवा!"

तर असा तो छोटा डबा काका गेली बारा वर्षं काढत होते. मोठ्या कागदाची गुंडाळी, तिला रबरबँड, आणि कोपऱ्यात सुबक अक्षरात 'प्रस्तावित डबा, जबलपूर'. लांबट बाकं दोन्ही बाजूंना खिडक्यांना पाठ लावून, कारण तशी बसवली की मधे उभ्यांना जास्त जागा मिळते. दारापाशी मोकळं अंगण. धरायला कड्या, त्यासुद्धा तीन उंचीच्या, कारण "मराठी बाई आणि पंजाबी भैया एकाच कडीला लटकत नाही."

उभ्या माणसांसाठी त्यांनी व्हरांड्याच्या फरशीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं एक चौकोन काढला होता, एक मीटर लांब, एक मीटर रुंद. कोणीही घरी आलं की आधी चौकोनात. दूधवाला, कुरियरवाला, वीजमीटर पाहायला आलेला माणूस, सगळे चौकोनात उभे राहून आलेले आहेत. "चौरस मीटरला चार म्हणजे सुखाचे," काका सांगायचे, "सहा म्हणजे संसाराचे आणि आठ म्हणजे लग्नाचे. गाडी सहावर काढायची. संसार धरून चालायचं." एकदा त्यांनी आठचा प्रयोग केला होता. मी त्यात होतो, म्हणजे तो सव्वाआठचा झाला. कुरियरवाल्याचं कोपर माझ्या बरगडीत आणि वरच्या मजल्यावरच्या आजोबांची छत्री माझ्या पाठीत. काका मात्र भोवताली फिरत खुशीत विचारत होते, "आता कसं वाटून राहिलं? खरं खरं सांगा, दाबून वाटते का?"

आसनांचं हे वेड डब्यापुरतं राहिलं असतं तर आम्ही चालवून घेतलं असतं. पण काका कुठंही गेले की माणसं हलवायचे. लग्नाच्या पंगतीत पानं वाढून झाली, उदबत्ती लागली, की काका उठायचे. "तुम्ही जरा इकडे. तुम्ही तिकडे. भार बरोबर नाही पडून राहिला." ऑटोत बसताना तेच. "चलो, उतरो सब लोग. फिर से बैठो. तोल पाहिजे." ऑटोवाला वैतागून म्हणायचा, "बाबूजी, ऑटो है, नाव नहीं है." काका ढिम्म. सगळे उतरून पुन्हा बसायचे, शैलाकाकू उजवीकडच्या कोपऱ्यात, काका त्यांच्या डावीकडे, उरलेला तोल आम्ही सांभाळायचा.

शैलाकाकू म्हणजे काकांच्या अर्धांगिनी. गोऱ्या, ठेंगण्या, सदा हसऱ्या, बोलायला कमी. आमच्या मराठी मंडळाचं गुरुवारचं बायकांचं भजन त्या चालवायच्या. कोणाचा सूर केसभर घसरला की त्या डोळे न उघडता हात वर करायच्या, आणि जिचा घसरला असेल तिला बरोबर कळायचं. अख्ख्या मंडळात त्यांच्या कानाला मान होता. असल्या बाईच्या नशिबी हा टेपवाला नवरा कसा, असं बायका आपापसात हळहळायच्या.

हळहळायला कारणही होतं. गुरुवारच्या भजनाला काका हजर. बायकांच्या भजनात पुरुषाचं काय काम? पण काका अर्धा तास आधी जाऊन सतरंजी टाकायचे आणि कोणी कुठं बसायचं ते सांगायचे. पेटी काकूंच्या डावीकडे, टाळ डावीकडे, नवीन शिकणाऱ्या डावीकडे. उजवीकडे भिंत. एकदा पेटीवाल्या बाईंनी विचारलं, "काहून हो काका? मी उजवीकडे बसले तर काय होते?" काका गंभीरपणे म्हणाले, "पेटी वजनदार. उजवीकडे ठेवली तर सतरंजी कलते."

जमिनीवर अंथरलेली सतरंजी! बायका पदर तोंडात धरून हसल्या. अर्चनानं घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा मीही पोट धरून हसलो, आणि माझं पोट धरायचं म्हणजे वेळ लागतो. काका मात्र काकूंच्या डाव्या हाताला बसून अंगात आल्यासारखी झांज वाजवत राहिले.

काकांचा पराभव मी आयुष्यात एकदाच पाहिला, आणि तो आवळी-भोजनाला. कार्तिकात मंडळ तिलवाऱ्याच्या पलीकडे एका मळ्यात आवळीखाली जेवायला जातं. त्या वर्षी बसची व्यवस्था काकांकडे होती, कारण ती त्यांनी कोणाला देऊच दिली नसती. महिनाभर तक्ता चालला होता. प्रत्येकाची बसती रुंदी वहीत होतीच. पातेल्यांचीही होती. कढीचं पातेलं म्हणजे एक उभा प्रवासी, मसालेभाताचं दीड, पुऱ्यांची टोपली अर्धं तिकीट. पहाटेच्या बसला मंडळी जमली, काका तक्ता वाचू लागले, माणसं बसू लागली. आणि तिसऱ्या रांगेपासून कोणी बसेच ना. तिघांच्या बाकावर दोघं आणि एक लोंबकळतोय. काका टेप घेऊन धावले, मोजलं, पुन्हा मोजलं, कपाळाला हात लावला.

रुंद्या त्यांनी मे महिन्यात घेतल्या होत्या. मे महिन्यात जबलपूरचा माणूस बनियनवर असतो. कार्तिकात तोच माणूस आत एक स्वेटर, वर एक स्वेटर, त्यावर शाल आणि मफलर घालून येतो. अख्खं मंडळ सहा महिन्यांत फुगलं होतं. शेवटी आठ माणसं आणि कढी मागाहून ऑटोनं आली, आणि कढी थंड झाली. काका दिवसभर आवळीखाली टेप उलगडत-गुंडाळत बसले. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर नकाशाच्या खाली नवी ओळ होती : 'हिवाळ्यात दर माणशी स्वेटर-भत्ता धरावा.' मला वाटतं जगातल्या कुठल्याच गाडीच्या नकाशात ही ओळ नसेल.

आणि मग गेल्या हिवाळ्यात ते घडलं, ज्याची काकांखेरीज कोणाला आशा नव्हती. पेपरात जाहिरात आली. शहरात लाइट मेट्रो आणायचा विचार आहे, नागरिकांनी अमुक दिवशी सकाळी अकराला महापालिकेच्या हॉलमध्ये येऊन आपल्या सूचना द्याव्यात. काका पेपर घेऊन अनवाणी आमच्या घरी आले.

"विलासभाऊ, बारा वर्षं झाली. एक वेळ त्यांनी नुसतं पाहून घ्यावं. डबा बनो न बनो, कागद त्यांच्या फायलीत गेला पाहिजे. म्हणजे मग मी मोकळा."

मी त्या दिवशी रजा टाकली. काका इस्त्रीचा कोट घालून, काकू जरीकाठी नेसून, आणि मी काकांच्या शब्दांत 'नमुना म्हणून', असे तिघं निघालो. हॉलमध्ये गेल्यावर काकांनी आधी आमच्या रांगेतली माणसं हलवली. काकू उजवीकडच्या टोकाला, मग काका, मग मी. लोक एकेक करून उठले. कोणाला आपल्या दुकानासमोर स्टेशन हवं होतं, कोणाला आपल्या दुकानासमोर स्टेशन नको होतं. एक गृहस्थ उठून नळाच्या पाण्याबद्दल बोलले. काकांचा नंबर आला तेव्हा अर्धा हॉल चहाला गेला होता.

समोरच्या टेबलावर सल्लागार कंपनीचा एक तरुण इंजिनियर होता, गळ्यात ओळखपत्र, डोळ्यांत झोप. काकांनी टेबलावर नकाशा पसरला आणि कोपऱ्यांवर चार पेपरवेट घरून आणलेले ठेवले. काकूंसाठी मी खुर्ची ओढून दिली. इंजिनियर आधी जांभई आवरत बघत होता. मग वाकून बघायला लागला. मग त्यानं चष्मा काढला, नाक कागदाला टेकवलं, आणि विचारलं,

"ये किसने बनाया है?"

"हमने," काका म्हणाले. "हाथ से."

"और ये तीन ऊँचाई के हैंडल?"

काकांनी सांगितलं. त्याला हसू आलं, पण आदरानं. स्वेटर-भत्त्याच्या ओळीवर तो थांबला आणि म्हणाला, "सर, ये तो हमने सोचा ही नहीं था." चाळीस वर्षांच्या नोकरीत काकांना कोणी 'सर' म्हटलं नसावं. त्यांचे कान लाल झाले. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

मग त्याचं बोट एका जागी थांबलं. दारापाशी, उजव्या हाताच्या खिडकीला लागून, एक वेगळंच आसन होतं. सगळी बाकं लांबट आणि खिडकीला पाठ लावून, आणि हे एकटंच आडवं, दोघांचं, समोर तोंड करून. मी तो नकाशा शंभरदा पाहिला होता, पण हे आसन माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

"सर, बस ये दो की सीट हटा दीजिए. दो बैठने वाले जाएँगे, छह खड़े आ जाएँगे. दरवाज़े के पास इतनी जगह कौन छोड़ता है? बाकी पूरा लेआउट मैं अपनी रिपोर्ट में लगा दूँगा. आपके नाम के साथ."

मी काकांकडे पाहिलं. इंचा-इंचासाठी लोकांचे सोफे काढायला लावणारा हा माणूस. चार माणसांचा नफा, तोही फुकटात. कोटाच्या खिशात खोडरबर होतंच, ते नेहमी असायचं. काकांनी ते बाहेर काढलंसुद्धा. कागदावर धरलं. आणि हात तिथंच थांबला.

"ती सीट राहील," काका म्हणाले.

"पर क्यों, सर? कोई टेक्निकल कारण?"

काकांनी खोडरबर परत खिशात टाकलं. इंजिनियर बिचारा समजूतदार होता. तो टेबलाला वळसा घालून काकूंच्या उजव्या बाजूला आला आणि वाकून हसत म्हणाला, "आंटीजी, आप ही समझाइए न इनको." काकू समोर नकाशाकडे बघत मंद हसत बसून राहिल्या. त्याच्याकडे त्यांनी मानही वळवली नाही. तो पुन्हा काही बोलणार, तेवढ्यात काका एकदम तडकले, "उनसे मत पूछो! उनको नक्शा नहीं समझता!"

मला ते अजिबात आवडलं नाही. चारचौघांत बायकोला असं बोलतात? काकांनी पेपरवेट एकेक करून खिशात टाकले, नकाशाची गुंडाळी केली, रबरबँड चढवला. इंजिनियर "सर, सोचिए तो" म्हणत राहिला. बारा वर्षांचं काम फायलीच्या तोंडाशी जाऊन परत निघालं.

बाहेर आलो तो माझं डोकं तापलेलं. ई-रिक्षा थांबली. काका सवयीनं म्हणाले, "विलासभाऊ, तुम्ही समोर..." मी ऐकलं नाही. सरळ आत शिरून मागच्या बाकावर उजवीकडचा कोपरा धरला आणि म्हणालो, "आज तोल गेला खड्ड्यात, काका." काकू माझ्या डावीकडे बसल्या. त्यांच्या पलीकडे मटारची पिशवी घेतलेला एक माणूस बसला. काकांना समोरच्या उलट्या बाकावर बसावं लागलं, आमच्याकडे तोंड करून, मांडीवर गुंडाळी घेऊन.

थोडं पुढं गेल्यावर मी काकूंना विचारलं, "काकू, काकांनी असं काहून केलं?"

काकू रस्त्याकडे बघत होत्या. मला वाटलं, दुखावल्या असतील. मी पुन्हा म्हणालो, "काकू, तुम्ही तरी समजावा त्यांना. अजून वेळ गेली नाही." काकू तशाच, चेहऱ्यावर तेच मंद हसू. ई-रिक्षाला आवाज तो काय असतो? तिसऱ्यांदा मी बोलणार, तेवढ्यात त्यांच्या डावीकडून मटारवाला अगदी हळू म्हणाला, "अम्मा, झोला ज़रा इधर रख लूँ?"

"हाँ हाँ, रख लो भैया," काकू लगेच म्हणाल्या.

मी समोर पाहिलं. काका माझ्याकडेच बघत होते. परीक्षेत कॉपी करताना पकडलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांनी नजर खाली घातली आणि उगाच रबरबँड सारखा करत बसले.

घरापर्यंत मला पंगतीतलं "तुम्ही इकडे, तुम्ही तिकडे" आठवत होतं. ऑटोतली उठाबस, हॉलमधली रांग, कलणारी सतरंजी. प्रत्येक वेळी शेवटी काकू उजव्या टोकाला आणि काका त्यांच्या डाव्या हाताला. इतकी वर्षं मी शेजारी राहतो, इतकी वर्षं हसतो, आणि मला एकदाही दिसलं नाही. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या व्हरांड्यात गेलो आणि आपणहून चौकोनात उभा राहिलो. काकांनी आतल्या दाराकडे पाहिलं, काकू पूजेत होत्या. मग ते हळू आवाजात बोलले. काकांना हळू बोलता येतं, हे मला तेव्हा कळलं.

"उजवा कान. एका तापात गेला, अकरा वर्षं झाली. मशीन लावून पाहिलं, त्या कानात काही उरलंच नाही, डॉक्टर बोलले. तिचं सगळं जगणं त्या गुरुवारवर आहे, विलासभाऊ. कळलं असतं तर बायका चांगल्या आहेत, काढलं नसतं तिला. पण 'बिचारी' म्हटलं असतं. मग सूर चुकला की कोणी तिच्या हाताकडे पाहिलं नसतं."

"म्हणून तुम्ही..."

"येड्या माणसानं खुर्च्या हलवल्या तर कोणी कारण नाही विचारत," काका म्हणाले. "म्हणतात, येडा आहे. म्हणू दे ना. माझं काय जाते?"

मी विचारलं, "आणि ती सीट?"

काकांनी नकाशा उलगडला. "लांब बाकावर कोण कुठून येऊन बसेल, सांगता येते का? मी आहे तोवर मी हलवेन माणसं. पण मी बहात्तरचा झालो. ही दोनची सीट पाहा. खिडकी उजवीकडे. गाडी रांझीला जावो की तिलवाऱ्याला, बसणाऱ्याची खिडकी उजवीकडेच राहते. तिथं ती बसली, की शेजारी जो कोणी येईल तो डावीकडेच येईल. कोणीही असो. तो बोलला तर तिला ऐकू येईल. मी नसलो तरी." मग गुंडाळी करत म्हणाले, "त्या पोराला काय सांगू? टेक्निकल कारण म्हणून काय सांगू?"

पुढच्या आठवड्यात काकांना ताप आला. गुरुवार उजाडला आणि दुपारी मी पाहिलं तर ते कानटोपी घालून, भिंतीचा आधार घेत सतरंजी काखेत मारून निघाले होते. मी त्यांच्या काखेतून सतरंजी काढून घेतली. अर्चनाला म्हणालो, मी येतो भजनाला. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली, मी आरतीच्या वेळीसुद्धा मोबाइल बघतो. ती माझ्या कपाळाला हात लावून गेली.

मंडळाच्या हॉलमध्ये जाऊन मी सतरंजी टाकली. काकूंची जागा उजवीकडे भिंतीपाशी केली. पेटीवाल्या बाई आल्या आणि मुद्दाम उजवीकडे सरकू लागल्या, आज काका नाहीत म्हणून. मी खणखणीत आवाजात म्हणालो, "बाई, इकडे नाही. सतरंजी कलते."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "अगं बाई, हे पण!" एक जण म्हणाली. अर्चनानं तोंड फिरवलं. मी काकूंच्या डाव्या हाताला मांडी घातली आणि झांज उचलली. मला ताल कशाशी खातात ते माहीत नाही. काकूंनी अभंग धरला, डोळे मिटले, आणि पहिल्याच ओळीला त्यांचा हात वर गेला. तो माझ्यासाठी होता. मी झांज खाली ठेवली. मग त्या डोळे न उघडताच माझ्याकडे झुकल्या आणि पुटपुटल्या, "वाजव रे. हे पण असेच वाजवतात."

घरी येताना मी काकांकडे डोकावलो. ते पांघरुणात बसून माझी वाट पाहत होते.

"बसून किती, उभे किती?"

"बसून सोळा, उभं कोणी नाही," मी म्हणालो. "डावीकडे सव्वा."

काकांनी मान हलवली.

दोन दिवसांनी ताप उतरला आणि मला बोलावणं आलं. फरशीवरच्या चौकोनात नकाशा पसरलेला, चारी कोपऱ्यांवर पेपरवेट, बाजूला खोडरबराचा चुरा. इतक्या वर्षांत ज्या सीटला त्यांनी हात लावला नव्हता, इंजिनियरनं मागूनही दिली नव्हती, ती त्यांनी खोडून पुन्हा काढली होती. खिडकीकडची जागा होती तेवढीच, साडेचारशे. डावीकडची मात्र वाढवलेली.

"अहो काका, यानं दारातला आणखी एक उभा माणूस गेला की!"

"जाऊ दे," काका म्हणाले. त्यांनी विटा उचलून बाकावर ठेवल्या आणि मला मधे बसायची खूण केली. "सहाशे केली आहे, स्वेटर धरून. बसून पाहा. वर थोडं उरलं तर विलासभाऊ, तेवढं पोट तुम्ही आवरा."

मी बसलो. विटा दोन्हीकडून सरकत आल्या, आणि मी जन्मात पहिल्यांदा कोणी न सांगता श्वास आत ओढून धरला.